मोहम्मद अता : शिकलेला माणूस विमान-अपहरणकर्ता कसा झाला?

प्रश्न : ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याचा म्होरक्या मोहम्मद अता गरिबीमुळे त्या वाटेला लागला, असं वाचलं. खरं आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मुळीच नाही. १ सप्टेंबर १९६८ ला इजिप्तमधल्या काफ्र अल-शेख इथे तो जन्मला. वडील वकील आणि कडक शिस्तीचे, एक बहीण डॉक्टर. पुढे कुटुंब कैरोला आलं. १९९० मध्ये त्याने कैरो विद्यापीठाची आर्किटेक्चरची पदवी घेतली आणि १९९२ मध्ये नगररचना शिकायला तो जर्मनीत हॅम्बुर्गला गेला. तिथे नगररचनेच्या एका कचेरीत नकाशे काढायचं अर्धवेळ कामही तो करायचा. प्रबंधाला त्याने सीरियातल्या अलेप्पोचा बाब अल-नस्र हा जुना भाग घेतला. रुंद रस्ते आणि उंच इमारतींमुळे जुन्या वस्तीची वीण कशी उसवते, हा त्याचा विषय. तसं म्हणणारे नगररचनाकार जगभर आहेत. हिंसेचं मूळ त्या प्रबंधात शोधू नये.

ते शोधायचं त्याच्या संगतीत. १९९५ मध्ये तो हजला गेला. एप्रिल १९९६ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने मृत्युपत्र केलं. हॅम्बुर्गच्या अल-कुद्स मशिदीत त्याचं टोळकं जमलं : येमेनचा रमझी बिनालशिभ, अमिरातीचा मारवान अल-शेही, लेबनॉनचा झियाद जर्राह. नोव्हेंबर १९९८ पासून मारिएनश्ट्रासे ५४ मधला फ्लॅट हा त्यांचा अड्डा झाला. बाहेरच्यांशी बोलणं कमी होत गेलं आणि आपापसांत एकमेकांना चढवणं वाढलं. त्यांना खरं तर चेचन्यात रशियाविरुद्ध लढायला जायचं होतं. आधी अफगाणिस्तानात जा, असा सल्ला मिळाला आणि १९९९ च्या अखेरीस ते तिकडे गेले. बिन लादेनला नेमकी अशीच माणसं हवी होती : इंग्रजी येणारी, पाश्चात्त्य देशांत राहून सरावलेली. म्हणजे शिक्षण आडवं तर आलं नाहीच, उलट त्यामुळेच त्यांची निवड झाली.

प्रश्न : त्याला आधीच अडवता आलं नसतं का?

उत्तर : एक संधी ठळक दिसते. अमेरिकेतल्या आधीच्या मुक्कामात तो परवानगीपेक्षा महिनाभर जास्त राहिला होता. जानेवारी २००१ मध्ये मायामी विमानतळावर परतला तेव्हा विमान चालवायला शिकतोय म्हणाला, पण विद्यार्थी व्हिसा नव्हता. जादा चौकशीसाठी बाजूला घेऊनही शेवटी आत सोडलं. इमिग्रेशन खात्याचा गलथानपणा पुढेही दिसला : त्याचा विद्यार्थी दर्जा मंजूर झाल्याचं पत्र फ्लोरिडातल्या विमानशाळेत ११ मार्च २००२ ला, हल्ल्यानंतर बरोबर सहा महिन्यांनी पोचलं.

चेक प्रजासत्ताकाच्या राजधानीत, प्रागमध्ये, तो इराकी हेराला भेटला, म्हणजे हल्ल्यामागे इराक होता, ही गोष्ट अजून सांगितली जाते. २००४ च्या अमेरिकी चौकशी आयोगाला तिला आधार सापडला नाही.

प्रश्न : अपहरणकर्त्यांची ओळख इतक्या लवकर कशी पटली?

उत्तर : हवाईसुंदरी बेटी आँग आणि एमी स्वीनी यांच्यामुळे. अपहरण झालेल्या विमानातून त्यांनी जमिनीवर फोन केले आणि अपहरणकर्त्यांच्या आसनांचे क्रमांक सांगितले. प्रवासी यादीशी ते ताडून नावं हाती आली. त्या सकाळी अता पोर्टलंडहून बॉस्टनला येऊन अपहरणाच्या विमानात चढला; त्याची बॅग मात्र बॉस्टनमध्येच राहिली होती, आणि १९९६ चं ते मृत्युपत्र तिच्यात निघालं.