दोन पराभव पत्करूनही विजेतेपद कसे?

प्रश्न : माझी पुतणी अमेरिकेत कोलंबस येथील ओहायो स्टेट विद्यापीठात शिकते. तिच्यामुळे मी तेथील महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉल (चेंडू हातात घेऊन वा फेकून खेळला जाणारा) आवडीने पाहू लागलो. २०२४ च्या हंगामात तिच्या विद्यापीठाचा संघ दोन सामने हरला. त्यांतील एक पराभव तर कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगन विद्यापीठाकडून आणि तोही घरच्या मैदानावर झाला. तरीही अखेर राष्ट्रीय विजेता हाच संघ ठरला. हे न्याय्य म्हणता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी मिशिगनने १३-१० असा विजय मिळवला, तेव्हा खुद्द कोलंबसमध्येही हंगाम हातचा गेला अशीच भावना होती. मिशिगनकडून झालेला तो सलग चौथा पराभव असल्याने प्रशिक्षक रायन डे यांना हटवावे, अशी उघड मागणी होऊ लागली होती.

त्या पराभवाचे कारण मुख्यतः डावपेचांत होते. आघाडीच्या फळीतील जॉश सिमन्स आणि सेथ मॅकलॉफ्लिन हे दोन मोहरे दुखापतींमुळे आधीच हंगामाबाहेर गेले होते आणि मिशिगनच्या बचावफळीचा मधला भाग कमालीचा भक्कम होता. असे असूनही ओहायो स्टेटचे खेळाडू चेंडू घेऊन पुन्हा पुन्हा त्याच मधल्या भागावर धडका देत राहिले. जेरेमाया स्मिथसारखा विलक्षण रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) हाताशी असताना त्याचा पुरेसा उपयोग करून घेतला गेला नाही. त्यातच क्वार्टरबॅक (पास फेकणारा सूत्रधार) विल हॉवर्डचे दोन पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले आणि जेडन फील्डिंगचे दोन फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारून गुण मिळवण्याचे प्रयत्न) हुकले.

त्याआधीच्या वर्षापर्यंत बाद फेरीत केवळ चार संघ घेतले जात, त्यामुळे निवड समितीच्या क्रमवारीत सहाव्या आलेल्या या संघाला जुन्या पद्धतीत जागाच मिळाली नसती. २०२४ पासून ही संख्या बारा झाली आणि संघाला दुसरी संधी मिळाली. ती त्याने कशी वापरली, हे मला निर्णायक वाटते. २१ डिसेंबरला टेनेसीविरुद्ध सुरुवातीपासूनच लांब पास देत ४२-१७ असा विजय मिळवण्यात आला. १ जानेवारी २०२५ रोजी रोझ बाउल या उपांत्यपूर्व सामन्यात गाठ पडली ती ओरेगनशी. ऑक्टोबरमध्ये याच ओरेगनने त्यांना ३२-३१ असे एका गुणाने हरवले होते आणि पूर्ण हंगामात तो संघ अपराजित होता. दुसऱ्या सत्रातच ओहायो स्टेटने ३४-० अशी आघाडी घेतली आणि सामना ४१-२१ असा जिंकला. एकट्या स्मिथने सात झेलांत १८७ यार्डांची मजल मारली.

उपांत्य सामन्यातील एक प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. टेक्सास २१-१४ असे मागे होते, पण त्यांचा चेंडू गोलरेषेपासून अवघ्या एका यार्डावर येऊन ठेपला होता आणि बरोबरी साधण्यासाठी त्यांच्याकडे चार प्रयत्न होते. बचावफळीने आधी त्यांना सात यार्ड मागे रेटले. मग चौथ्या प्रयत्नात जॅक सॉयरने क्वार्टरबॅक क्विन यूअर्सला गाठून त्याच्या हातातला चेंडू उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड धावत जाऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू विरुद्ध गोलरेषेपार नेला. हे दोघे एकेकाळी ओहायो स्टेटमध्ये रूममेट होते. सामना २८-१४ असा संपला.

अटलांटातील २० जानेवारीच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटची ३१-७ अशी मोठी आघाडी नोटर डेमने ३१-२३ पर्यंत खाली आणली होती. चेंडूचा ताबा टिकवण्यासाठी तिसऱ्या प्रयत्नात अकरा यार्ड हवे असताना हॉवर्डने स्मिथला ५६ यार्डांचा पास दिला आणि त्यानंतर, मिशिगनविरुद्ध ज्याच्या दोन किका हुकल्या होत्या, त्याच फील्डिंगने शेवटचा फील्ड गोल करून ३४-२३ असा निकाल नक्की केला. चार बलाढ्य संघांना ओळीने हरवणाऱ्या संघाचे विजेतेपद मी तरी अन्याय्य मानणार नाही. दोन पराभवांनिशी राष्ट्रीय विजेता होण्याचा प्रकारही नवा नाही. २००७ च्या हंगामात लुइझियाना स्टेटने तेच केले होते. मिशिगनचा विजय मात्र त्यामुळे पुसला जात नाही. त्या सामन्याचा मान वेगळा आहे आणि तो मिशिगनकडेच राहिला.

अन्याय कोणावर झाला असे विचाराल, तर तो ओरेगनवर झाला. त्या वर्षीच्या नियमानुसार कोणाची गाठ कोणाशी हे ठरवणारी पहिली चार मानांकने परिषदांच्या (विद्यापीठ संघांच्या गटांच्या) विजेत्यांसाठी राखीव होती आणि त्या चौघांना पहिली फेरी खेळावी लागत नव्हती. परिणामी क्रमवारीत सहावा असलेला ओहायो स्टेट मानांकनात आठवा झाला आणि तेरा सामने जिंकून पहिले मानांकन मिळवणाऱ्या ओरेगनला बाद फेरीतील पहिल्याच सामन्यात स्पर्धेतील सर्वांत धोकादायक प्रतिस्पर्ध्याला तोंड द्यावे लागले. बोइझी स्टेट आणि अ‍ॅरिझोना स्टेट हे क्रमवारीत मागे असलेले संघ मात्र पहिल्या चारांत बसले होते. आयोजकांनाही ही उणीव जाणवली असावी, कारण २०२५ च्या हंगामापासून मानांकन थेट क्रमवारीनुसार ठरवले जाते.