फर्स्ट एड-सीपीआरचं (सीपीआर म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबणं) सर्टिफिकेट कुठून काढावं, ऑनलाइन काढलं तर चालतं का? आणि वेळेला ते खरंच कामी येतं का?

तुमचे प्रश्न तीन आहेत. सर्टिफिकेट कुठून काढावं, ऑनलाइनचं चालतं का, आणि खरोखर वेळ आली तर त्याचा उपयोग होतो का. पहिले दोन कुणीही सांगेल. मी लिहायला बसलोय ते तिसऱ्यासाठी. त्याच्यावरून आमच्या घरात एक माणूस चार वर्षं झाली माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

आधी पहिले दोन उरकतो. कारखान्यात दाखवायचं असेल तर सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं काढा, तीन वर्षं चालतं. रेडक्रॉसच्या जिल्हा शाखाही वर्ग घेतात. शाखेचे अध्यक्ष कलेक्टर असतात, त्यामुळे कलेक्टर कचेरीत विचारलं तरी पत्ता लागतो. आपल्याकडं हा कागद लोकांना माहीत आहे तो कंडक्टरच्या बिल्ल्यामुळं. माझ्या वर्गात निम्मी पोरं त्यासाठीच आलेली, पट्टी बांधताना एकमेकांचे फोटो काढत होती. दवाखान्यात नोकरी असेल तर अमेरिकन हार्ट असोसिएशनचा बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट) कोर्स मागतात, तो दोन वर्षांचा. ऑनलाइनचं म्हणाल तर व्हिडिओ बघून दहा प्रश्नांवर टिचक्या मारायच्या आणि पीडीएफ उतरवायची, याला मी सर्टिफिकेट म्हणत नाही. २०२५पर्यंत चाललेल्या कारखाना कायद्याच्या ४५व्या कलमात दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी सांगितली होती, आणि ती सांभाळणाऱ्याकडं राज्य सरकारनं मानलेलं प्रमाणपत्र लागायचं. इन्स्पेक्टर तेच मागायचा.

माझंही तसंच निघालं. मी जालन्यात एका रोलिंग मिलमध्ये सेफ्टी सुपरवायझर आहे. पेटीवर लिहायला एक नाव पाहिजे होतं, माझं लिहिलं. दोन दिवस वर्ग केला, बाहुलीची छाती दाबली, चहा-बिस्किट खाल्लं, फोटो काढला. मला वाटलं, आलं आपल्याला.

आता आबांचं सांगतो. आबा म्हणजे माझे चुलते. परतूर तालुक्यात आमचं गाव, आणि गावापासून दीडेक किलोमीटरवर मळ्यात वस्ती. भाऊबीजेचा दिवस होता, सगळे जमलेले. आबांची लेक आणि जावई, म्हणजे आमचे दाजी, आदल्या दिवशीच आले होते. थ्री फेजची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणून आबा पहाटेच गव्हाला पाणी द्यायला गेले. सहाच्या सुमारास सालगडी बोंबलत आला, "आबा चिकटले, आबा चिकटले!"

मी पळालो. आबा स्टार्टरच्या पेटीखाली सरीत पडलेले. पाय उघडे, चिखलात. पेटीचं अर्थिंग तुटलेलं होतं हे नंतर कळलं. सालगडी सरळ त्यांचा हात धरायला निघाला, त्याला मी मागून ओढला. वर्गातली हीच एक गोष्ट डोकं न लावता आपोआप झाली. आधी लाईट बंद करायची, मग माणसाला हात लावायचा. तो डीपीकडं पळाला, फ्युज काढले, तेव्हा मी खाली उतरलो.

हाक मारली, खांदे हलवले. काही नाही. मऊ चिखलात दाबून उपयोग नव्हता, नुसती पाठ खाली रुतली असती. काखेत हात घालून बांधावर ओढले. तेवढ्यात काकूंनी गोठ्यातली बाज आणली. आपल्याकडं माणूस पडला की पहिली बाज येते. बाजेवर दाबलं की नवारच झोके घेते, छाती दबतच नाही. मी ओरडलो, "बाज नको, खालीच राहू द्या." काकूंना ते फार लागलं. धन्याला मातीत ठेवलं म्हणून.

छातीच्या मधोमध तळवा, त्यावर दुसरा, कोपरं ताठ. पाच सेंटिमीटर तरी खाली गेलं पाहिजे, सहाच्या वर नको, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी एक युक्ती सांगितली होती, तीसपर्यंत मोजू नका, एकवीस-बावीसला जीभ अडखळते आणि हात मंद होतो, दहा-दहाचे तीन फेरे मोजा. मी तसंच मोठ्यानं मोजत होतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यात तळव्याखाली कट्‌ झालं. शेवग्याची शेंग मोडल्यासारखं. बाहुलीतही टकटक वाजतं, पण तो प्लास्टिकचा आवाज असतो. हा हाताला कळतो.

दाजी तोवर पोचले होते. त्यांनीही ऐकलं.

आणि मग आबांनी आचका दिला. तोंड उघडलं, हनुवटी वर गेली, घर्र असा आवाज, परत शांत. पाच-सात सेकंदांनी परत. काकू ओरडल्या, "श्वास चालूय, बघा तोंड हालायलंय!" दाजींनी माझा दंड धरला. "आरं काय करायलास? श्वास चालू असताना छाती कामून दाबायलास? मारायलास का मामाला?"

इथं नीट वाचा, कारण कुठल्याही क्विझमध्ये हे अंगात उतरत नाही. आचके म्हणजे श्वास नव्हे. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं मेंदूचा देठ तेवढे आचके देतो. त्यानं फुप्फुसात कामाची हवा जात नाही. आचके दिसले की दाबायला सुरुवात करायची, थांबायचं नाही. आपल्या भाषेत "शेवटचे आचके" हा शब्द शेकडो वर्षं आहे, आपण ओळखतोही, आणि तरी त्याचे दोनच अर्थ लावतो. एक तर संपलं, नाहीतर जिवंत आहे, जाऊ द्या. मधला अर्थ, की आत्ता, ह्याच मिनिटाला हात चालव, तो कुणी लावत नाही. आमच्या वर्गातली बाहुली आचके देत नव्हती. गोरी, डोळे मिटून शांत पडलेली. तिला लेक नव्हती, जावई नव्हता.

मी हात सोडवून परत दाबायला लागलो. आजूबाजूला आठ-दहा माणसं झाली. एकानं नाकाला कांदा लावला, दोघं तळपाय चोळत होते, एक म्हातारा म्हणत होता शॉक लागलेल्याला गळ्यापर्यंत मातीत पुरा, लाईट जमिनीत उतरते. १०८ला फोन केलेला, पण सालगडी त्यांना "लिंबापासून डावीकडं" असं सांगत होता, आणि आमच्या शिवारात लिंबं किती असतील तुम्हीच धरा. आणि इतक्या लोकांत एकालाही मी म्हणू शकलो नाही, की इकडं ये, माझ्या जागी बस. दाबणारा दोन मिनिटांत दमतो, त्याला वाटत नाही पण खोली कमी होते. म्हणून माणूस बदलायचा असतो. माझ्या जागी कोण बसणार? सर्टिफिकेट एकट्याचंच होतं, ते पण जालन्याला लॅमिनेट करून भिंतीवर.

दाजींनी पिकअप आणला. "तू काय डॉक्टर हायेस का? उचला, गाडीत टाका." लोक उचलायला वाकले. मी म्हणालो, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत राहू द्या, दाबत राहू, गाडीत दाबता येत नाही. जावयाच्या शब्दापुढं पुतण्याचं कोण ऐकतं? साधारण दहा मिनिटं मी दाबत होतो. मग हात काढले. हे मी मनानं काढले की कुणी काढायला लावले, ह्यावर मी अजून झोपेत भांडतो.

पाणंदीच्या खड्ड्यांतून पिकअप निघाला. गुडघ्यावर बसून दाबायला गेलो तर दोनदा आबांच्या अंगावर आडवा झालो. डांबरी लागल्यावर समोरून १०८ आली. त्यांच्याकडं हृदयाला शॉक द्यायचं यंत्र होतं, डॉक्टर होता, सगळं होतं. डॉक्टरनं आबांकडं बघतबघतच विचारलं, "सीपीआर कुणी दिला? मधे किती वेळ थांबला होता?"

मी सांगितलं, गाडीत घातल्यापासून.

तो काही बोलला नाही. तालुक्याला नेल्यावर मग आबा गेल्याचं सांगितलं.

पुढचं थोडक्यात. पोस्टमॉर्टममध्ये मरणाचं कारण विजेचा धक्का लिहिलं, आणि खाली चार बरगड्या मोडल्याची नोंद. दाजींनी तो कागद दहाव्याला चार माणसांत वाचून दाखवला. शेतकरी अपघात योजनेचे दोन लाख आता अडकणार, सेफ्टीसाहेबांनी छाती मोडली म्हणून लिहून आलंय, असं. पैसे काही महिन्यांनी काकूंच्या खात्यात आले, बरगड्यांबद्दल कुणी ब्रही काढला नाही. ते मात्र चार माणसांत सांगितलं गेलं नाही. म्हणून इथं सांगतो. नीट खोल दाबलं तर मोठ्या माणसाच्या बरगड्या मोडतात, डॉक्टरांच्याही हातून मोडतात. मोडलेली बरगडी जुळून येते. आणि दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर, गाडी लवकर निघाली असती तर वाचले असते हे तुमचं म्हणणंही चूक आहे. शॉकनं हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त ढकलत नाही. ते ताळ्यावर आणायला यंत्र लागतं. यंत्र येईपर्यंत दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी उतरत जाते, आणि तो उतार धरून ठेवायला दाबण्याशिवाय दुसरं काही नाही. तुम्ही पिकअप आणला तेव्हा गाडी पळवायची नव्हती. गुडघे टेकून माझ्या समोर बसायचं होतं.

तर उपयोग होतो का? कागदाचा नाही. तुम्हाला कायद्याची भीती असेल तर रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, २०१६ला सुप्रीम कोर्टानं दिलं, २०१९ला मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम आलं. पण ते पोलिसांपासून वाचवतं, जावयापासून नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, एकट्यानं शिकू नका. घरातली, आळीतली चार माणसं सोबत न्या. सर्टिफिकेट एकानंच घेतलं तरी चालेल, दाबायला चौघांना आलं पाहिजे. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेतून उभ्या राहिलेल्या रिससिटेशन कौन्सिलनं सामान्य माणसासाठी कॉल्स नावाची पद्धत केलीय, तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा नाही, नुसतं दाबायचं. तासाभरात येते. मेडिकल कॉलेजच्या भूलशास्त्र विभागात विचारून बघा, १६ ऑक्टोबरच्या आसपास बरेच जण मोफत घेतात.

आमच्या वस्तीवर मी अर्धं भरलेलं गव्हाचं पोतं घेऊन शिकवतो. काकू शिकल्या. पहिल्या दिवशी नको म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी पदर खोचून बसल्या आणि दहाचे तीन फेरे न अडखळता मोजले. गेल्या दिवाळीत दाजींचा मुलगा, आठवीतला, पोत्यावर बसला होता. दाजी ओसरीवर पेपर वाचत होते. पोरगं दाबता दाबता खालच्या आवाजात मोजायला लागलं, तर पेपराआडून आवाज आला, "मोठ्यानं मोज, लेका."

आता राहिलेलं. मी डॉक्टर नाही. वर लिहिलं ते अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाचं आहे. बुडालेला माणूस आणि लहान लेकरू यांना श्वासही द्यावे लागतात, तीस दाबण्यांमागे दोन, ते माणसासमोर बसूनच शिका. आणि शॉक लागून उठून बसलेल्या माणसालाही दवाखान्यात न्या, हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून घ्या.

माझं स्वतःचं सर्टिफिकेट मार्चमध्येच संपलं. कंपनीनं अजून वर्ग लावलेला नाही, पेटीवर नाव माझंच आहे.