टोमॅटोची फुलं गळतात, फळ धरत नाही

प्रश्न : सातव्या मजल्यावरच्या काचबंद गॅलरीत टोमॅटोची दोन रोपं आहेत. फुलं भरपूर येतात, पण देठासकट पिवळी पडून गळतात. टोमॅटोत स्वपरागीभवन (फुलाच्या स्वतःच्याच परागांनी फळ धरणं) होतं ना? मग अडतं कुठे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : होतं, पण आपोआप नाही. टोमॅटोच्या फुलात परागकोश (परागांच्या पिशव्या) एकमेकांना चिकटून पिवळी नळी तयार होते आणि कुक्षी, म्हणजे पराग जिथे पडायला हवेत ते मादी भागाचं टोक, तिच्या आत असते. पराग सांडायला ही नळी हलावी लागते. उघड्यावर हे काम वारा आणि गुणगुणणारे भुंगे करतात. मधमाशीला ती थरथर जमत नाही. तुमच्या काचांनी दोघांनाही बाहेर ठेवलंय.

सकाळी दहाच्या सुमारास, पाकळ्या पूर्ण मागे वळलेल्या फुलांच्या घोसामागे बॅटरीवरचा टूथब्रश दोन-तीन सेकंद टेकवा. ब्रश देठाला लावायचा, फुलाला नाही. तो नसेल तर देठावर बोटाने हलकी टिचकी पुरते. एक दिवसाआड करा. दमट हवेत पराग चिकट होऊन सांडत नाहीत, म्हणून पावसाळ्यात हा उपाय फारसा चालत नाही.

दुसरं कारण उकाडा. रात्रीचं तापमान २४ अंशांच्या वर राहिलं की पराग निकामी होऊ लागतात. म्हणून मुंबईत बी सप्टेंबरअखेर पेरावं, म्हणजे फुलोरा थंडीत येतो. तिसरं कारण जास्तीचं खत : पानं गडद हिरवी नि फोफावलेली असतील तर युरिया थांबवा.

काकडीला मात्र टिचकी मारून उपयोग नाही; तिथे नर फूल तोडून मादी फुलावर टेकवावं लागतं.