मुलगी जेवण टाळते आहे : हट्ट की आजार, आणि तिला पुण्यात वसतिगृहात ठेवावे का?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. आपली सतरा वर्षांची मुलगी गेले वर्षभर जेवण कमी करत गेली आहे, आधी भात सुटला, मग तेल, मग रात्रीचे जेवण, आता आठवड्यातून तीन उपवास असतात आणि चार महिने पाळी आलेली नाही. हा हट्ट आहे की आजार, यात आई म्हणून आपले काही चुकले का, आणि जूनमध्ये तिला साताऱ्याहून पुण्याला वसतिगृहात पाठवावे का, असे आपण विचारता.

मी डॉक्टर नाही. कोथरूडला राहते, एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, आणि माझ्या मुलीला सोळाव्या वर्षी अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे जेवण टाळत स्वतःला उपाशी ठेवण्याचा मानसिक आजार, झाला होता. आज ती सव्वीस वर्षांची आहे आणि बरी आहे. त्या काळात ग्रंथालयामुळे जे वाचता आले आणि तिच्या मानसोपचारतज्ज्ञांनी जे समजावून सांगितले, त्याच्या आधारे लिहिते.

आपण वर्णन केलेली लक्षणे हट्टाची वाटत नाहीत. निदान अर्थातच डॉक्टरांनी करायचे आहे, पण त्यासाठी प्रवेशाची धावपळ संपण्याची वाट पाहू नका, याच आठवड्यात तिला दाखवा. नाडी, झोपून आणि उभे राहून घेतलेला रक्तदाब, ईसीजी, रक्तातील पोटॅशियम आणि फॉस्फेट या तपासण्या आग्रहाने मागून घ्या. ती चक्कर येऊन पडली असेल, छातीत धडधडत असेल किंवा जेवून उलट्या करत असेल, तर आजच न्या. आमचे चार महिने वाया गेले, कारण नेहमीच्या डॉक्टरांनी तिच्याकडे पाहून, 'या वयात थोडे बारीक असलेलेच बरे' असे म्हणत टॉनिक लिहून दिले आणि आम्हीही सुटकेचा श्वास टाकला. त्या चार महिन्यांची रुखरुख मला अजून आहे.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगते. त्या वर्षी होळीला माझ्या मुलीने एकटीने पुरण शिजवले, वाटले, पंधरा पोळ्या लाटल्या, प्रत्येकाच्या पानात तूप वाढले, 'अजून एक घ्या ना' म्हणून आजीला आग्रह केला आणि स्वतः एक घासही खाल्ला नाही. रात्री उशिरापर्यंत ती पाककृतींचे व्हिडिओ पाहत असे. एका पोळीचे ती सोळा तुकडे करी, ते ताटाच्या कडेने मांडी आणि पाऊण तास त्यांच्याशी खेळत बसे. मला ते नाटक वाटायचे. जिला अन्न नको, ती दिवसभर अन्नाभोवतीच कशी घुटमळते, याचा मला उलगडा होत नव्हता.

तो झाला अमेरिकेतील एका जुन्या प्रयोगामुळे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी युद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे नेहमीच्या सुमारे निम्म्या आहारावर ठेवले. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपातील लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हे त्यांना शोधायचे होते. त्या तरुणांचे वजन साधारण एक चतुर्थांशाने घटले. परंतु आपल्यासारख्यांनी वाचावे ते पुढचेच आहे. बारीक होण्याची कसलीही इच्छा नसलेली ती माणसे पाककृतींची पुस्तके जमवू लागली, अन्नाचे बारीक तुकडे करून एकेक जेवण खूप वेळ लांबवू लागली, चिडचिडी आणि उदास झाली, मित्रांपासून तुटली, उन्हाळ्यातही थंडीने कुडकुडू लागली, आणि त्यांचे लक्ष अन्नाखेरीज कशातही लागेना. पोटभर मिळू लागल्यावरही त्यांचे मन लगेच ताळ्यावर आले नाही. कित्येकांना महिनोन्महिने खाण्याचा ताबा राहिला नाही.

मी ज्याला मुलीचा बदललेला स्वभाव समजत होते, त्यातला मोठा भाग उपासमारीने घडवलेला होता. सारा आजार तेवढ्याने उलगडत नाही हे खरे, कारण त्या तरुणांना अन्नाची भीती वाटत नव्हती आणि आपल्या मुलींना ती वाटते. पण उपाशी मेंदूला समजावून पटत नाही, एवढे त्यातून निश्चित कळते. 'आधी तिचे मन वळवू, मग ती आपोआप जेवेल' हा क्रम म्हणूनच उलटा आहे. आधी अन्न जावे लागते, मग हळूहळू ती ऐकू लागते.

कारणांविषयी. हा आजार इन्स्टाग्रामने आणलेला नाही. लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या दोघांनी १८७३ मध्येच स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले होते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून अ‍ॅनोरेक्सियाच्या धोक्यातील साधारण निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा आनुवंशिक असल्याचे दिसते. २०१९ मध्ये सुमारे १७ हजार रुग्ण आणि ५५ हजार निरोगी व्यक्तींच्या जनुकांची तुलना झाली, तेव्हा जनुकसंचातील आठ ठिकाणे या आजाराशी निगडित आढळली, आणि त्यांचा संबंध मानसिक विकारांशी जसा होता, तसाच शरीराच्या चयापचयाशीही होता. म्हणजे आपली मुलगी जिथे अडकते आहे, तिथे दुसरी एखादी मुलगी तेच डाएट पंधरा दिवसांत कंटाळून सोडून देते.

भोवतालच्या वातावरणाचा प्रभाव नसतो, असे याचा अर्थ नाही. फिजी बेटांवरील नाड्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. भरलेल्या अंगाचे कौतुक करणारा तो समाज. अमेरिकी संशोधक अ‍ॅन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींची त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये पाहणी केली, तेव्हा वजनासाठी मुद्दाम उलटी करण्याचे प्रमाण शून्यावरून ११.३ टक्क्यांवर गेलेले दिसले. आपल्या घरांतही 'जाडी झालीस गं' हे वाक्य किती सहज येते. ते बंद करावे, आजपासून, मुलगी आजारी असो वा नसो. मात्र आपल्या एखाद्या वाक्यामुळे तिला हा आजार झाला, असे मनाला लावून घेऊ नका. आईवडिलांना दोषी धरण्याची जुनी पद्धत संशोधनाने मोडीत काढली आहे, आणि आईचा अपराधभाव प्रत्यक्ष उपचारांत आडवा येतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. ताट पुढे करताना माझा हात कापत असे, आणि ते तिला दिसत असे.

उपवासांविषयी दोन शब्द. 'मला जाड व्हायची भीती वाटते' असे तिने म्हटलेच पाहिजे, असे नाही. १९९५ मध्ये दिल्लीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी पाच तरुणींची प्रकरणे प्रसिद्ध केली. त्या जेवण नाकारत, उलट्या करत, त्यांचे वजन घटले होते आणि पाळी थांबली होती, पण स्वतःच्या शरीराविषयी पाश्चात्त्य पुस्तकांत लिहिलेली विकृत कल्पना त्यांच्यात ठळक दिसत नव्हती. आपल्याकडे हा आजार पोटदुखी, अपचन, 'भूकच नाही' किंवा व्रत अशा रूपांत समोर येऊ शकतो. आपल्या घरांत 'एकादशी अन् दुप्पट खाशी' असते. ज्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटीही चालत नाही, नुसत्या ताकावर दिवस निघतो आणि बारस सोडायलाही कारणे सांगितली जातात, तो उपवास देवाचा राहिलेला नसतो.

वजनाच्या आकड्यावरही विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, अगदी सारखा, २२.३, पण शरीरातील चरबी डॉ. याज्ञिकांची २१.२ टक्के आणि डॉ. यडकिन यांची ९.१ टक्के. त्यांचा विषय मधुमेहाचा होता, पण मला त्यातून एवढे शिकता आले की उंची-वजनाच्या गणिताने शरीराच्या आतले कळत नाही. आधी अंगाने भरलेली मुलगी झपाट्याने उतरली, तर आकडा 'नॉर्मल' दिसत असतानाही तिची नाडी धोकादायक मंद असू शकते. किती घटले आणि किती लवकर घटले, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

परिणामांत पाळी थांबणे सर्वांना दिसते, पण त्याच काळात हाडे विरळ होत असतात, तीही नेमक्या त्या वयात जेव्हा आयुष्यभराची पुंजी साठायची असते. या आजारातील मृत्युदर मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक असणाऱ्यांपैकी आहे, आणि २०११ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार अ‍ॅनोरेक्सियातील दर पाच मृत्यूंपैकी एक आत्महत्येने झालेला होता. तिने जगणे नकोसे झाल्याचे कधी बोलून दाखवले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी असलेल्या टेली मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

उपचारांत किशोरवयीन मुलींसाठी सर्वांत भक्कम पुरावा कुटुंबाधारित उपचारांचा आहे. त्याची सुरुवात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात झाली. आधी जेवणाची पूर्ण जबाबदारी आईवडील घेतात, मग ती टप्प्याटप्प्याने मुलीकडे परत जाते, आणि शेवटी तिच्या वयाच्या इतर प्रश्नांकडे वळले जाते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२१ रुग्णांच्या चाचणीत, उपचार संपल्यावर वर्षभराने, या पद्धतीने पूर्ण बऱ्या झालेल्यांचे प्रमाण ४९ टक्के होते, तर वैयक्तिक उपचार घेतलेल्यांमध्ये २३ टक्के. (उलट्या आणि अतिखाण्याच्या विकारांत वर्तनोपचार आणि काही औषधे उपयोगी पडतात. अ‍ॅनोरेक्सियात वजन खात्रीने वाढवणारे औषध अजून नाही.)

घरात ते कसे दिसते, तेही सांगते. आम्ही दोघांनी आळीपाळीने रजा घेतल्या. दिवसातून सहा वेळा खाणे, ताट मी वाढायचे, त्यात काय असावे यावर चर्चा नाही. ती रडली, तिने वाटी भिरकावली, 'तुम्ही माझे शत्रू आहात' म्हणाली. मी शेजारी बसून एकच वाक्य म्हणत असे, 'हे तुझे औषध आहे, मी इथेच आहे.' वरणभातावरचे तूप तिने चमच्याने निथळून काढले की मी काही न बोलता दुसरा चमचा तूप घालत असे. सातव्या आठवड्यात तिने पहिल्यांदा विचारले, 'आज भाजी कोणती आहे?' मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मात्र हे मनाने सुरू करू नका. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेले की रक्तातील फॉस्फेट अचानक उतरते आणि हृदयावर बेतू शकते. किती आणि कोणत्या गतीने वाढवायचे, हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतील, आणि गरज पडली तर पहिले दिवस रुग्णालयात काढावे लागतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखेच संरक्षण द्यायचे असते, म्हणून आपली विमा पॉलिसी नीट वाचून पाहा. धीरही धरावा लागेल. बोस्टनमधील एका दीर्घ अभ्यासात नऊ वर्षांनंतर अ‍ॅनोरेक्सियाच्या ३१ टक्के स्त्रिया बऱ्या झाल्या होत्या, आणि बावीस वर्षांनंतर ६३ टक्के.

राहिला वसतिगृहाचा प्रश्न. पुण्यात मेसचे ताट भरून घेऊन ते तसेच परत ठेवणाऱ्या मुलीला कोणी हटकत नाही. डबा लावला तर तो खोलीबाहेर दुपारपर्यंत तसाच राहू शकतो. रूममेट चांगली असली, तरी ही जबाबदारी तिच्यावर टाकणे योग्य नाही. माझ्या मते यंदा पाठवू नये, साताऱ्यातच प्रवेश घ्यावा. ती फारच खचणार असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर आपण आणि मुलीने मिळून इथे पुण्यात खोली घेऊन राहावे. तिची पाळी परत आली, आणि कोणी शेजारी बसलेले नसताना तिने सलग काही महिने पोटभर जेवून वजन टिकवले, की वसतिगृहाचा विचार करावा. आम्ही मुलीचे एक वर्ष घरी काढले. तिच्या वर्गमैत्रिणी पुढे गेल्या, नातेवाईक विचारत राहिले, आणि पुढच्या वर्षी ती स्वतःचा डबा स्वतः भरून महाविद्यालयात गेली.