डॉली पार्टन या कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेली संगीतशैली) गायिकेचा जीवनप्रवास कसा होता?

डॉली पार्टन यांचा जन्म १९ जानेवारी १९४६ चा, अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागातला. १२ भावंडांत त्या चौथ्या. घरी इतकी गरिबी की बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरांना वडिलांनी पैशांऐवजी मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. आईने चिंध्या जोडून शिवलेल्या कोटावरून शाळेत पोरं हसली; त्याच आठवणीवर पुढे त्यांनी 'कोट ऑफ मेनी कलर्स' हे गाणं लिहिलं.

१९६४ मध्ये हायस्कूल संपलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी कंट्री संगीताचं केंद्र असलेलं नॅशव्हिल शहर गाठलं. १९६७ पासून कंट्री गायक पोर्टर वॅगनर यांच्या टीव्ही कार्यक्रमामुळे नाव झालं. तिथून बाहेर पडताना वॅगनर यांचा निरोप घेण्यासाठी लिहिलेलं गाणं म्हणजे 'आय विल ऑलवेज लव्ह यू'.

माझ्या मते त्यांची खरी हिंमत इथे दिसते. हे गाणं एल्विस प्रेस्ली गाणार होते, पण त्यांच्या मॅनेजरने गाण्याच्या हक्कांतला अर्धा वाटा मागितला. डॉलींनी नकार दिला आणि रात्रभर रडल्या. १९९२ मध्ये गायिका व्हिटनी ह्यूस्टन यांनी तेच गाणं जगभर पोहोचवलं, तेव्हा गीतकार म्हणून सगळे हक्क डॉलींकडेच होते!

वडिलांना लिहितावाचता येत नव्हतं. म्हणून १९९५ मध्ये डॉलींनी लहान मुलांना दर महिन्याला घरपोच मोफत पुस्तक देणारी योजना सुरू केली. आजवर २० कोटींहून जास्त पुस्तकं वाटून झाली आहेत.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर आधी त्यांचं 'जोलीन' हे गाणं ऐका.