दप्तरी दाखल

माहितीच्या अधिकाराखाली केलेल्या अर्जाला ‘आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे’ असे उत्तर आल्यास तो स्वीकारला गेला असे समजावे काय, असे एका वाचकाने विचारले आहे. मुळीच समजू नये. कचेरीच्या भाषेत याचा अर्थ ‘प्रकरण मिटले, कागद ठेवून दिला’ एवढाच होतो, आणि ‘तक्रार नोंदवली’ या अर्थाने हे शब्द वापरणाऱ्या बातमीदारांनी ती खोड आता सोडावी.

‘दाखल’ म्हणजे अरबीत ‘आत शिरलेला’; त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. खरी मौज ‘दप्तर’ या शब्दात आहे. फारसी ‘दफ्तर’चे मूळ ग्रीक ‘डिफ्थेरा’, म्हणजे कमावलेले कातडे. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की आयोनियन ग्रीक लोक पपायरसच्या (म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या) ग्रंथांनाही ‘कातडी’च म्हणत, कारण पपायरस दुर्मीळ असताना ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यांवर लिहीत असत. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या घटसर्पाला ‘डिफ्थेरिया’ हे नाव याच शब्दावरून मिळाले, तेव्हा मुलांच्या पाठीवरचे दप्तर आणि त्यांना घटसर्पाविरुद्धही टोचली जाणारी त्रिगुणी लस यांचे शब्दकुळ एकच ठरते!

‘दप्तर’ अशुद्ध असून ‘दफ्तर’च लिहावे, असा काही शुद्धिवाद्यांचा हट्ट असतो, मग त्यांनी ‘डिफ्थेरा’पर्यंतच मागे जावे. शाळेच्या पिशवीला हे नाव कसे पडले, याविषयी माझा तर्क असा की जुने सरकारी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवत, आणि त्या गाठोड्याचेच नाव पाटी-पुस्तकांच्या गाठोड्याला मिळाले. पुण्याच्या पेशवे दप्तरात, म्हणजे पेशवेकालीन कागदपत्रांच्या संग्रहात, असे रुमाल हजारोंनी आहेत. ब्रिटिश अमदानीत अभ्यासकांनाही तेथे दीर्घकाळ मुक्त प्रवेश नव्हता, आणि इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी संपादलेले निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत छापले गेले, तेव्हा कुठे त्यांतला थोडा भाग सर्वांसमोर आला.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे कलम ४ तर कार्यालयांनी आपले अभिलेख सूचीबद्ध करून ठेवावेत आणि पुष्कळशी माहिती कोणी न मागताच प्रसिद्ध करावी, असे सांगते. कलम ७ नुसार माहिती नाकारायची असल्यास कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील कळवावा लागतो; नुसते ‘दप्तरी दाखल’ हे शब्द त्या जागी चालत नाहीत. प्रश्नकर्त्यांनी ते पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करावे.