बिल्ड झाला, पण सही कोणाची?

अँड्रॉइडचा सोर्स (मूळ कोड) घेऊन स्वतः बिल्ड करणाऱ्यांचे, म्हणजे त्यातून यंत्रावर चालणारी प्रणाली तयार करणाऱ्यांचे, प्रश्न येतात, त्यातले निम्मे तेच ते असतात. काही एकत्र घेतो.

बिल्ड ऐंशी टक्क्यांवर येतो आणि ‘किल्ड’ असं लिहून थांबतो. लॅपटॉपला १६ जीबी रॅम आहे. मित्र म्हणतो, सोर्स खराब उतरलाय, पुन्हा उतरव. – विद्यार्थी, सांगली

सोर्स ठीक आहे. रॅम संपली की लिनक्स भरपूर मेमरी खाणाऱ्या प्रक्रियेलाच मारून टाकतो, तेच झालंय. गूगल या कामासाठी ६४ जीबी रॅम आणि ४०० जीबी मोकळी डिस्क सांगतं. त्यांच्या ७२ कोअरच्या मशीनवर पूर्ण बिल्डला साधारण ४० मिनिटं लागतात, तेवढीच रॅम असलेल्या ६ कोअरच्या मशीनवर सुमारे ६ तास. एका वेळी चालणारे जॉब (समांतर कामं) कमी करा, स्वॅप (रॅमऐवजी वापरायची डिस्कवरची जागा) वाढवा. तरीही १६ जीबीत ओढाताण होणारच. कॉलेजात मोठा सर्व्हर असेल तर लॅबच्या प्रशासकांना भेटा. आणि शेकडो जीबी पुन्हा उतरवायच्या आधी लॉग वाचा, मित्राचं मत नंतर.

मॅकवर बिल्ड होईल का?

नाही. जून २०२१ पासून प्लॅटफॉर्मचा, म्हणजे खुद्द अँड्रॉइड प्रणालीचा, बिल्ड मॅकवर करण्याचा आधार बंद आहे.

दर वेळी सगळं साफ करून बिल्ड करावा का?

नको. ‘युजर’ (ग्राहकांसाठीचा) बिल्डवरून ‘युजरडीबग’ (तपासणीसाठीचा) बिल्डवर गेलात तरी फक्त शेवटच्या फाइली पुसणारी ‘इन्स्टॉलक्लीन’ ही कमांड पुरते.

एका क्लासवाल्यांनी सांगितलं की अँड्रॉइडचा सगळा बिल्ड आता बेझलवर (गूगलचं बिल्ड करायचं साधन) गेलाय, जुनं शिकण्यात अर्थ नाही. फी भरू का?

भरू नका. बेझलवर जाणार असं २०२० मध्ये जाहीर झालं होतं, पण प्लॅटफॉर्मपुरतं ते काम पुढे सोडून दिलं. कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) बाजूला मात्र क्लीफ या साधनाच्या रूपात बेझल खरंच आहे. बाकी डोलारा अँड्रॉइड ७ नोगटपासून, म्हणजे २०१६ पासून, सूंग या बिल्ड-साधनावर उभा आहे: ‘अँड्रॉइड डॉट बीपी’ फाइली सूंग वाचतो, उरलेल्या जुन्या मेकफाइली (बिल्डच्या सूचनांच्या फाइली) काटी हे साधन वाचतं आणि प्रत्यक्ष काम निन्जा हे साधन करतं. हे समजायला सोर्ससोबतची कागदपत्रं फुकट आहेत. अर्धी बातमी सांगून फी घेणाऱ्यांचा मला राग येतो.

आमची कंपनी दुकानांसाठी टॅबलेट बनवते. बिल्ड करून देणारा व्हेंडर म्हणतो, टेस्ट-कीजवर, म्हणजे सोर्ससोबत येणाऱ्या चाचणीच्या सही-किल्ल्यांवर, काही अडत नाही. रिलीज-कीजसाठी, म्हणजे आमच्या स्वतःच्या गुप्त किल्ल्यांसाठी, तो वेगळे पैसे मागतो. – पुणे

अडत नाही हे खरं आहे, आणि धोका तिथेच आहे. टॅबलेट चालू होतो, ॲप चालतात, कुणाला काही जाणवत नाही. पण टेस्ट-कीजचा खासगी भाग अँड्रॉइडच्या सोर्समध्येच, सिक्युरिटी नावाच्या फोल्डरमध्ये, सगळ्या जगासाठी ठेवलेला आहे. त्यातल्या प्लॅटफॉर्म-कीने, म्हणजे प्रणालीच्या मुख्य भागांवर सही करणाऱ्या किल्लीने, सही केलेलं ॲप ‘सिस्टम’ची ओळख मागू शकतं आणि सिस्टमचे अधिकार मिळवतं, वापरणाऱ्याला एकही प्रश्न न विचारता. म्हणजे तुमच्या टॅबलेटवर एखादं ॲप टाकता येणारा कुणीही तो ताब्यात घेऊ शकतो. खोटा अपडेटही अशाच उघड्या टेस्ट-कीने सही करून रिकव्हरीच्या (अपडेट बसवणाऱ्या छोट्या प्रणालीच्या) गळी उतरवता येतो. २०२२ च्या अखेरीस काही उत्पादकांच्या प्लॅटफॉर्म-कीजनी सही केलेले मालवेअर उघडकीस आले. त्या किल्ल्या निदान गुप्त ठेवायच्या म्हणून बनवलेल्या होत्या. तुम्ही तर सर्वांकडे असलेलीच किल्ली लावून दुकानदारांना माल देताय.

पैशांचं म्हणाल, तर किल्ल्या बनवायची आणि टार्गेट-फाइल्सवर (बिल्डमधून तयार झालेल्या फाइलींच्या गठ्ठ्यावर) सही करायची स्क्रिप्ट सोर्समध्येच आहे. शिकायला एक-दोन दिवस लागतील. त्यासाठी व्हेंडर ‘वेगळं पॅकेज’ विकत असेल तर नाही म्हणा. त्याहून महत्त्वाचं, किल्ल्या त्याच्याकडे ठेवू नका. उद्या व्हेंडर बदललात तर तुमच्याच टॅबलेटला अपडेट देता येणार नाही.

आणि हे पहिला टॅबलेट बाहेर जायच्या आधी करा. नंतर सही बदलली की जुन्या डेटासकट यंत्रणा नीट उठत नाही, सहसा डेटा पुसावा लागतो. बिल्ड नंबरच्या शेवटी ‘टेस्ट-कीज’ दिसतंय का, आजच पाहा. एपेक्सच्या (प्रणालीचे स्वतंत्रपणे अपडेट होणारे भाग) आणि व्हेरिफाइड बूटच्या (चालू होताना प्रणाली अस्सल आहे का ते तपासणं) किल्ल्या वेगळ्या असतात, त्याही बदलायच्या आहेत. बूटची किल्ली चिपमध्ये कायमची पक्की होत असेल तर चिप बनवणाऱ्यांच्या इंजिनिअरशी बोलल्याशिवाय हात लावू नका.

सिक्युरिटी पॅच (सुरक्षेच्या दुरुस्त्या) वर्षातून एकदाच मर्ज केले, म्हणजे आपल्या सोर्समध्ये मिसळले, तर?

नको. वर्षभराचे कॉन्फ्लिक्ट (तुमच्या आणि नव्या कोडमधली टक्कर) एकदम अंगावर येतात आणि तोवर जगाला ठाऊक असलेली भोकं तुमच्या यंत्रात उघडी राहतात. मागे पडला असाल तर मर्जची तारीख याच आठवड्यात ठरवा.

सही करायचा लॅपटॉप फॉरमॅट झाला, बॅकअप नाही. नवी की बनवू का?

आधी थांबा. जुन्या बिल्डमधून किल्ली काढता येत नाही, तिथे फक्त सर्टिफिकेट, म्हणजे सही तपासायचा जाहीर भाग, असतं. नव्या किल्लीचा अपडेट बाहेर गेलेली यंत्रं नाकारतील, कारण ती स्वतःजवळच्या जुन्या सर्टिफिकेटशीच ताडून पाहतात. पहिला बिल्ड ज्याने केला त्याच्याकडे प्रत असेल का, विचारा. लॅपटॉपची डिस्क तशीच बाजूला काढून डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे न्या. तोवर तिच्यावर एक फाइलही लिहू नका.